शिक्षेचा अभ्यासक्रम

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

हिंदी मुलखातून नाशिकला नोकरीसाठी आलेला माणूस मराठी वर्तमानपत्र वाचू लागला की पहिल्याच आठवड्यात एका शब्दाला अडखळतो. 'तिघांना जन्मठेपेची शिक्षा' हे वाचून तो गोंधळतो. त्याच्याकडे शिक्षा म्हणजे शाळा, पाटी, गुरुजी. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी, दंड, तुरुंग. मूळ धातू एकच, संस्कृतातला 'शिक्ष्', म्हणजे शिकणं. हिंदीने तो अर्थ सांभाळला. आपण शिकवण्याचं काम 'शिक्षण' या शब्दाकडे सोपवलं आणि 'शिक्षे'ची बदली फौजदारी खात्यात केली.

अरबीतून आलेल्या शब्दांचीही अशीच गंमत आहे. 'तालीम' म्हणजे मुळात शिकवणं. उर्दूत आजही तोच अर्थ आहे. मराठीत मात्र तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा. 'अदब' म्हणजे साहित्य, आणि शिष्टाचारसुद्धा. त्याच मुळापासून 'तादीब' हा शब्द निघतो. त्याचा अर्थ शिस्त लावणं, वेळ पडली तर शासन करणं. 'तुरुंग' तर आपण पोर्तुगीजांकडून घेतला. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं, कायद्याचा अभ्यास नाही. त्यामुळे या विषयात शब्दांच्या दारातून शिरणंच मला सोपं गेलं.

विषय घेण्याचं कारण मात्र आपलं गाव आहे. गुन्हा, न्याय आणि गुन्हेगाराची सुधारणा यांच्याशी संबंधित तीन मोठ्या संस्था नाशकात आहेत. त्र्यंबक रस्त्याला पोलीस अकादमी, नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह आणि गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठ. एका रिक्षात बसून दिवसभरात तिन्हींच्या फाटकापर्यंत जाऊन येता येईल. पण या तिघांचा एकमेकांशी परिचय व्हायला जवळजवळ शतक लागलं, आणि तोही अर्धामुर्धाच झाला.

पोलिसाला शिकवावं लागतं, ही कल्पना आपल्याकडे सव्वाशे वर्षांपेक्षा फार जुनी नाही. १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला. सरकारनेच नेमलेल्या या आयोगाने सरकारच्या पोलीस खात्यावर कडक ताशेरे ओढले. प्रशिक्षण नाही, लाचखोरी आहे, जनतेवर जुलूम आहे, असा त्यांचा सूर होता. प्रांतोप्रांती पोलिसांच्या शाळा काढा, असंही आयोगाने सुचवलं. मुंबई प्रांताची शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला आली. तिचंच पुढे पोलीस ट्रेनिंग कॉलेज आणि नंतर महाराष्ट्र पोलीस अकादमी झालं. राज्यातल्या फौजदारांच्या पिढ्यान् पिढ्या तिथे घडल्या.

आता १९०९ हे साल नाशिककरांना वेगळ्याच कारणाने पाठ असतं. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा अनंत कान्हेरे तेव्हाच्या औरंगाबादेत शिकणारा विद्यार्थी होता. त्याला अठरावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. मरणारा कलेक्टर संस्कृतचा अभ्यासक होता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. पोलिसांची शाळा ज्या वर्षी गावात आली, त्याच वर्षी तिच्या दारातच तिला असा धडा मिळाला.

त्या शाळेत कवायत होती, कायद्याची कलमं होती, पंचनामा आणि जबाब लिहिण्याची रीत होती. पंचनामा, फिर्याद, जामीन, मुद्देमाल, फौजदार या शब्दांकडे जरा कान देऊन पाहा. मराठी कोर्टकचेरीची निम्मी भाषा फारसी-अरबीवर चालते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. १ जुलै २०२४ पासून इंग्रजी अमदानीतली दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा पोलिसांना सगळी कलमं नव्याने पाठ करावी लागली. पण हा अभ्यास गुन्हा घडल्यापासून कोर्टाच्या निकालापर्यंतचा. निकालानंतर त्या माणसाचं काय होतं, हे पाहणारं खातं निराळं.

त्या खात्याचा कायदा १८९४ चा. माणसाला कोंडावं कसं, कामाला लावावं कसं आणि नियम मोडला तर काय करावं, यातच त्याचा जीव अडकलेला. १९१९-२० मध्ये अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या समितीने पहिल्यांदा सरकारी कागदावर स्पष्ट लिहिलं की तुरुंगाचा हेतू कैदी सुधारणं हाही असला पाहिजे. मग १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बोर्स्टल शाळांचा कायदा झाला. बोर्स्टल हे इंग्लंडातल्या केंट परगण्यातलं एक खेडं. तिथे तरुण गुन्हेगारांना पक्क्या कैद्यांपासून वेगळं ठेवून हाताला काम शिकवत, म्हणून तसल्या शाळांना जगभर त्या खेड्याचं नाव मिळालं. नाशकातही अशी शाळा आहे. 'किशोर सुधारालय' हे तिचं मराठी नाव मला इंग्रजी नावापेक्षा आवडतं.

पण कागदावरची सुधारणा कोठडीपर्यंत पोहोचायच्या आत कोठड्या भरल्या त्या सत्याग्रहींनी. १९३० ते १९३३ या काळात नाशिकरोडचा तुरुंग म्हणजे एक न काढलेलं कॉलेजच होतं. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी इथे एकत्र आली. त्यांनी वाचलं, वाद घातले, आणि १९३४ साली निघालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना इथे आकाराला आली. सरकारने ज्यांना एकमेकांपासून आणि जनतेपासून तोडायचं ठरवलं, त्यांना त्याने स्वतःच्या खर्चाने एका छपराखाली आणून बसवलं.

आणि इथेच साने गुरुजी होते. त्याआधी १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि गुरुजींनी ते उतरवून घेतलं. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ म्हणजे तुरुंगातल्या तासांची वहीच म्हणायची. त्यानंतर नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे ते संपवलं. पाच दिवस! महाराष्ट्रातल्या घराघरांत मुलांना वळण लावण्यासाठी जे पुस्तक हातात दिलं गेलं, ते एका कैद्याने कोठडीत लिहिलं. आईचा मार, आईची माया आणि त्यातून शिकलेला मुलगा, हा त्या पुस्तकाचा गाभा. 'शिक्षा' शब्दाचे दोन्ही अर्थ त्यात एकाच घरात नांदतात.

या आठवणींनी आपल्याला अभिमान वाटतो, तो वाटावाच. पण एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. हे सगळे शिकलेले लोक होते. ते शिकूनच आत गेले होते. त्यांच्या शेजारच्या बराकीत चोरी, मारामारी, दरोडा यांत सापडलेला जो साधा कैदी होता, त्याच्या हातात कुणी वही दिली का? त्याच्या वाट्याला चक्की आणि चाबूक होता. राजबंद्यांची आठवण ठेवणाऱ्या आपल्या इतिहासात तो कैदी कुठेच नाही.

त्या साध्या कैद्यावर पहिला विश्वास टाकला गेला तो ब्रिटिश मुलखात नव्हे, तर एका चिमुकल्या संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे सल्लागार मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची खुली वसाहत काढली. फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू इंजिनिअर, गांधीजींच्या नादाने हिंदुस्थानात राहिलेले. त्यांची कल्पना त्या काळात वेडगळच वाटली असणार. गंभीर गुन्ह्यातले कैदी घ्यायचे, बेड्या काढायच्या, भिंत बांधायची नाही, जमीन कसायला द्यायची आणि बायकामुलांना सोबत राहू द्यायचं. पुढे ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली कथा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, त्याची प्रेरणा हीच वसाहत. चित्रपट बर्लिनपर्यंत जाऊन बक्षीस घेऊन आला. तो पाहून आपण सगळे रडलो, पण त्यातलं गाव सांगली जिल्ह्यात खरोखर आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? माडगूळकर तर त्याच आटपाडी-माडगूळच्या मातीतले.

आता एका कवीविषयी सांगतो. आनंद नारायण मुल्ला हे नाव ऐकून पुष्कळांना वाटतं की हे गृहस्थ मुसलमान असावेत. ते लखनौचे काश्मिरी पंडित. उर्दूचे मान्यवर शायर, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. आणि पेशाने वकील, मग अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पंडित असून उर्दूत लिहिणारे ते आणि मुसलमान असून मराठीत लिहिणारा मी, एवढ्याच धाग्याने मला त्यांच्याविषयी लहानपणापासून जवळीक वाटत आली. न्यायमूर्ती असताना त्यांनी एका निकालपत्रात लिहिलं की गुन्ह्यांच्या बाबतीत पोलीस दलाच्या जवळपास येईल अशी एकही टोळी देशात नाही. केवढा गहजब झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ते सरसकट शेरे निकालपत्रातून काढून टाकले. मला स्वतःला ते काढले गेले हे योग्यच वाटतं. सगळ्या खात्याला एका काठीने हाणणं न्यायाधीशाला शोभत नाही. कवीला फार तर माफ असतं.

पण याच मुल्लांना सरकारने १९८० मध्ये अखिल भारतीय तुरुंग सुधारणा समितीचं अध्यक्षपद दिलं. १९८३ मध्ये अहवाल आला. आपल्या देशात तुरुंगावर इतकं सविस्तर क्वचितच कुणी लिहिलं असेल. खटला चालू असलेल्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवा. कैद्याला शिक्षण आणि धंदा द्या. सुटल्यावर त्याला वाऱ्यावर सोडू नका. आणि ज्याच्या हातात किल्ली आहे त्या शिपायाला आणि अधिकाऱ्याला नीट प्रशिक्षण द्या, तो एक पेशा आहे असं समजा. तुरुंग हा राज्यांचा विषय असल्याने राज्याराज्यांत हा अहवाल कपाटात राहिला. थोडंफार झालं. महाराष्ट्रात खात्याच्या नावात 'सुधारसेवा' हा शब्द आला. १८९४ च्या कायद्याला पर्याय म्हणून केंद्राने आदर्श कायदा राज्यांकडे पाठवला तो २०२३ मध्ये, म्हणजे मुल्लांच्या अहवालानंतर चाळीस वर्षांनी. आणि तुरुंगात जातीवरून झाडूचं काम वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं, असली वाटणी घटनाबाह्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावं लागलं.

दरम्यान नाशकात तिसरी संस्था उभी राहिली होती. १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचं ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाता येईल, अशी सोय त्यांनी केली. सायकल दुरुस्त करणारे, घरकाम करणाऱ्या बाया, पोलीस शिपाई, सगळे त्यात आले. मग ही गंगा ज्या घरातून बाहेर पडता येत नाही त्या घरीही गेली. राज्यातल्या कारागृहांत या विद्यापीठाची आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं निघाली, नाशिकरोडलाही निघालं. कला शाखेला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे आत बी.ए. करणं त्यातल्या त्यात सोयीचं. मला हे ऐकून बरं वाटलं. निदान आमच्या पदवीचा कुठेतरी उपयोग आहे. पदवी पूर्ण करणाऱ्या कैद्याला शिक्षेत तीन महिन्यांपर्यंत सूट मिळते. म्हणजे शिक्षणाने शिक्षा कमी होते, आणि हे सरकारी परिपत्रकात लिहिलेलं आहे.

पुस्तकाबाहेरचंही शिकणं चालतं. नाशिकरोडच्या कारागृहात काही वर्षांपासून गणेशमूर्ती घडतात. पेणकडचा मूर्तिकाम जाणणारा एक कैदी आत होता, त्याने इतरांना शिकवलं. गणपतीच्या दिवसांत लोक विक्री केंद्रावर जाऊन त्या मूर्ती आवडीने घेतात.

काही वर्षांपूर्वी मी एका कारागृहात कविता वाचायला गेलो होतो. कार्यक्रम झाल्यावर एक तरुण जवळ आला. त्याने सांगितलं की पदवीमुळे सूट मिळते हे त्यालाही ठाऊक आहे, पण त्याला ती लागू नाही, कारण त्याला अजून शिक्षाच झालेली नाही. चार वर्षं आत होता. निकाल नाही, म्हणून शिक्षा नाही, म्हणून सूट नाही. मी त्याला काय सांगणार? दुसरी एक कविता म्हणून दाखवली.

तो एकटा नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार खटला चालू असलेली, कच्ची. शंभरातली शहात्तर. सगळ्या तुरुंगांत मिळून शंभर जणांच्या जागेत एकशे एकतीस माणसं. खटला रेंगाळला तर निम्मी शिक्षा भोगून झाल्यावर सोडावं, अशी तरतूद फौजदारी संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्याच वेळी आरोपी झालेल्यासाठी ती एक तृतीयांशावर आणली. मात्र फाशी-जन्मठेपेच्या आरोपांना ती लागू नाही. ज्याला ती लागू आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचवणारा माणूस हवा. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पातले कार्यकर्ते १९९० पासून हेच करत आले. कैद्याला वकील मिळवून देणं, घरी निरोप देणं, सुटल्यावर काम पाहणं. त्यांनी सुधारसेवेचा रीतसर अभ्यास केलेला असतो. असे लोक हवेत तितके नाहीत.

इथे मला माझ्या एका स्नेह्यांच्या मुलीची आठवण होते. ती अमेरिकेत असते. तिकडे गावोगावी दोन वर्षांची, कमी फीची कम्युनिटी कॉलेजं असतात. त्यातल्या एकात तिने गुन्हेन्याय आणि सुधारसेवा हा विषय घेतला. ती सांगत होती की तिच्या वर्गात एक नोकरीतला पोलीस होता, एक तुरुंगरक्षक होता आणि एक शिक्षा भोगून आलेला माणूसही होता. तिघे एकाच बाकावर. तिकडे हे आपोआप झालं नाही. १९६८ च्या कायद्याने पोलिसांना आणि तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांना कॉलेजात शिकायला सरकारी पैसा मिळू लागला, तेव्हा हे वर्ग भराभर निघाले. कैद्यांना मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती मात्र १९९४ मध्ये बंद केली. गुन्हेगारांना फुकट कॉलेज कशाला, ही ओरड होती. ती पुन्हा सुरू व्हायला जुलै २०२३ उजाडला. तेव्हा तिकडेही सगळं आलबेल नाही. पण तो एक बाक मला हवासा वाटतो. आपल्या गावात पोलीस त्र्यंबक रस्त्याला शिकतो, कैदी नाशिकरोडला शिकतो, आणि दोघांची पुस्तकं गंगापूर रस्त्यावरून येऊ शकतात. तरी ते एका वर्गात कधी बसत नाहीत.

शेवटी नाशिकरोडच्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये बाँबस्फोट झाले, एकशे ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. जन्मठेपेतला एक जण नाशिकरोडच्या कारागृहात होता आणि तिथून मुंबईच्या एका लॉ कॉलेजात कायदा शिकत होता. २०२४ मध्ये दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला बसण्याची परवानगी त्याला उच्च न्यायालयाने दिली. परवानगी मिळाली, पण नाशिकहून मुंबईच्या परीक्षाकेंद्रावर तो वेळेत पोहोचू शकला नाही, पेपर हुकले. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. कैद्याची परीक्षा ऑनलाइन घेता येईल का, यावर विद्यापीठ, तुरुंग आणि न्यायालय यांच्यात चर्चा झाली. वकील लोक पानंच्या पानं बोलले, ते सगळं दोनशे किलोमीटरच्या प्रवासाबद्दल होतं.

२१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना परत आत जावं लागणार नाही. ज्यांची माणसं त्या लोकलमध्ये गेली त्यांचा प्रश्न एकोणीस वर्षांनीही तसाच उभा आहे. आणि तो विद्यार्थी कारागृहातून बाहेर पडला, तेव्हा कायद्याच्या ज्या पुस्तकांवर त्याची परीक्षा व्हायची होती, त्यातली जुनी फौजदारी कलमं वर्षभरापूर्वीच बदलून गेली होती.